‘टेस्टिंगमध्ये’ असलेली आठ कार्डं

आमच्या सॉफ्टवेअर टीमच्या स्प्रिंटचा, म्हणजे ठरलेलं काम ठरावीक मुदतीत संपवायच्या टप्प्याचा, नववा दिवस, गुरुवार. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये कामाचे दिवस दहा, म्हणजे हातात उरला एक. बोर्डवर एक काम म्हणजे एक कार्ड, आणि अशी 18 कार्डं उघडी: डेव्हलपमेंटमध्ये 7, रिव्ह्यूत 3, टेस्टिंगमध्ये 8. बंद झालेली फक्त 5. बर्नडाउनची, म्हणजे उरलेलं काम दाखवणाऱ्या आलेखाची, रेघ जवळजवळ आडवीच. यात नवल काही नव्हतं, आमच्याकडे ती दर वेळी शेवटच्या दीड दिवसात कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली येते. सहा-सात कार्डं धडाधड बंद होतात. ती कशी तपासली जातात हे विचारू नये.

स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, मी नेहमीप्रमाणे विचारलं, टेस्टिंगचं काय? दोन टेस्टरांपैकी एक जण शांतपणे म्हणाली, “अरे, आठ कार्डं त्या रकान्यात दिसतात म्हणून आठही तपासतोय असं वाटतं का तुला? हातात दोन आहेत. बाकीची सहा नुसती पडलीयेत.”

आमच्या बोर्डवर ‘टेस्टिंग’ हा एकच रकाना होता. वाट बघणारं कार्डही त्यातच आणि तपासलं जाणारंही त्यातच. डेव्हलपरने कार्ड तिथे ढकललं की त्याच्या लेखी काम संपलं. स्टँडअपला तो सांगणार ‘टेस्टिंगमध्ये आहे’, आणि आम्ही माना डोलावणार. सहा स्प्रिंट हेच चाललं होतं.

त्या दुपारी जिरामधून, म्हणजे आमचा बोर्ड ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहे त्यातून, सहा स्प्रिंटचा इतिहास एक्सेलमध्ये काढला. प्रत्येक कार्ड कोणत्या रकान्यात कधी आलं, कधी गेलं, एवढंच. रिपोर्टचे रंगीत आलेख बघण्यापेक्षा हे कंटाळवाणं काम दहा पट उपयोगी असतं, पण ते कुणी करत नाही.

एक कार्ड मुद्दाम उलगडून बघितलं: पिनकोड टाकला की गावाचं नाव आपोआप भरायचं. कोडिंग 2 दिवस. रिव्ह्यूसाठी थांबलं 1 दिवस. टेस्टिंगच्या रकान्यात 5 दिवस कुणी हात लावला नाही. मग अर्ध्या दिवसात तपासलं आणि दोष निघाला. एका पिनकोडखाली अनेक गावं येतात, आमचा कोड यादीतलं पहिलं उचलत होता. कार्ड परत गेलं, पण तोवर डेव्हलपर दुसऱ्या कामात गुंतलेला, म्हणून 2 दिवस थांबलं. दुरुस्ती अर्धा दिवस. पुन्हा रांगेच्या शेपटाला 4 दिवस, पुन्हा तपासणी अर्धा दिवस. एकूण साडेपंधरा दिवस, त्यात माणसाचा हात लागलेले साडेतीन. बाकी 12 दिवस कार्ड नुसतं बसून होतं. एस्टिमेटच्या मीटिंगमध्ये मात्र काम केवढं मोठं याचा अंदाज म्हणून त्याला 3 पॉइंट द्यायचे की 5, यावर आम्ही वीस मिनिटं घातली होती.

आता हिशेब. सहा स्प्रिंटमध्ये बंद झालेली कार्डं: 12, 13, 12, 11, 12, 12. म्हणजे 60 दिवसांत 72, दिवसाला 1.2. एका वेळी उघडी सरासरी 18. जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेला रांगांचा नियम इथे सरळ लागतो: उघडी कार्डं भागिले रोज संपणारी कार्डं म्हणजे एका कार्डाला सरासरी लागणारे दिवस. 18 भागिले 1.2 म्हणजे 15 दिवस. स्प्रिंट 10 दिवसांची. पहिल्या दिवशी उचललेलं कार्डसुद्धा सरासरीने त्याच स्प्रिंटमध्ये संपणं शक्य नव्हतं, आणि आम्ही दर पंधरवड्याला ‘कमिटमेंट’ देत होतो. स्प्रिंटची ही पद्धत, म्हणजे स्क्रम, सांगणाऱ्या स्क्रम गाइडने 2011 साली स्प्रिंटच्या कामापुरता हा शब्द काढून तिथे अंदाज या अर्थाचा शब्द घातला. आमच्या मॅनेजरांपर्यंत ती बातमी अजून यायची आहे.

त्याच सहा स्प्रिंटचे पॉइंट मात्र असे: 31, 34, 37, 42, 44, 49. कार्डं तेवढीच, व्हेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये संपलेले पॉइंट, दीडपटीच्या वर. क्लायंटला चढती रेघ हवी होती, टीमने दिली. खोटं कुणीच बोललं नाही. आधी 2 वाटायचं ते हळूहळू 3 वाटू लागलं, 3 चं 5 झालं. पॉइंट एकमेकांच्या तुलनेत द्यायचे असतात. तुलनेचं जुनं कार्डच समोर नसलं की आकडा फुगतोच.

शुक्रवारी रकाना फोडला: ‘टेस्टिंगच्या प्रतीक्षेत’ आणि ‘टेस्टिंग चालू’. दोन्ही मिळून मर्यादा 4, सगळ्या बोर्डवर मिळून 10. जिरा मर्यादा ओलांडली तर रकाना फक्त लाल करतं, कार्ड अडवत नाही. अडवायचं माणसांनीच. स्टँडअपही उजवीकडून डावीकडे सुरू केलं: जे संपायच्या सगळ्यात जवळ आहे त्याच्याबद्दल आधी बोलायचं, माणसांची हजेरी घ्यायची नाही. रकाना भरला की डेव्हलपरने नवं काम उचलायचं नाही. टेस्टरने दिलेली तपासणीची यादी घेऊन दुसऱ्याचं कार्ड तपासायचं, स्वतःचं नाही.

इथे घोडं अडलं. एक सीनियर म्हणाला, मी टेस्टर म्हणून लागलो नाही. दोन दिवस तो रिकामा बसला, पण यादी हातात घेतली नाही. मी मर्यादा वाढवली नाही. ते बरोबर केलं की नुसता हट्ट केला, हे अजून ठरत नाही.

पुढच्या स्प्रिंटला 14 कार्डं बंद झाली, सरासरी सात-आठ दिवसांत. पुढे ढकलली गेली फक्त 2. एस्टिमेट करताना दोन जुनी कार्डं भिंतीवर लावल्यामुळे पॉइंटही जमिनीवर आले: 36. क्लायंटच्या डॅशबोर्डवर लाल बाण, आणि मेल, व्हेलॉसिटी 49 वरून 36 का? मी कार्डांचे आणि दिवसांचे आकडे पाठवले. उत्तरात विचारलं होतं, 49 पुन्हा कधी दिसेल.

परवाच्या प्लॅनिंगला एका डेव्हलपरने पत्ता बदलण्याचं कार्ड दोनात तोडलं, एक स्क्रीनचं, एक सर्व्हरचं. दोन्ही झाल्याशिवाय ग्राहकाला काहीच दिसणार नाही. मी विचारलं, तोडलंस कशाला?

“आता कार्डं मोजतोय ना आपण?”