पडणाऱ्यांची पंगत

एकटा माणूस सायकलवरून पडला की आधी इकडेतिकडे बघतो. कुणी पाहिलं नसेल तर तो पडलाच नाही. कपडे झटकायचे, चेन बसवायची आणि पुढं निघायचं. ग्रुपमध्ये ही सोय नाही. मागचा प्रत्यक्ष बघतो, पुढचा आवाज ऐकून थांबतो, आणि सगळ्यांत शेवटी पोचलेला, ज्यानं काहीच पाहिलेलं नसतं, तोच पुढं आठवडाभर ते रंगवून सांगतो.

आमचं टोळकं रविवारी पहाटे टिळकवाडीत दुसऱ्या गेटजवळ जमतं. उद्यमबागेतला एक फौंड्रीवाला, बँकेतले एक काका, इंजिनिअरिंगची दोन पोरं, नोकरीसाठी बेळगावात आलेले हुबळीकर आणि मी. येळ्ळूरच्या भातशेतीतून राजहंसगडाकडं निघायचं. गडावर चांगला रस्ता आहे, पण 2023 साली वर शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा उभा राहिल्यापासून रविवारी तिथं गाड्यांची रीघ असते. शिवाय डांबरावर चालवायची तर एवढ्या जाड टायरची सायकल घ्यायची कशाला? आम्ही पायवाट धरतो.

चढाला कुणी पडत नाही, फक्त दमतात. पडायचं ते उतारालाच. ब्रेक दाबला की अंगाचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळं सायकल थांबवायचं खरं काम पुढचाच ब्रेक करतो. पण जांभ्याच्या सुट्या मुरुमावर, ऐन वळणात तोच करकचून आवळला की चाक फिरायचं थांबून सरकतं आणि माणूस कुशीवर जातो. तेच चाक दगडाला अडलं तर हँडलवरून पुढं. वळणाच्या आधीच वेग कमी करावा, ढुंगण मागं न्यावं, नजर जायचं तिकडं ठेवावी. हे सगळ्यांना पाठ आहे. तरी नजर जाते ती चुकवायच्या दगडावरच, आणि नजरेमागून सायकल. शिवाय मागून दुसऱ्याच्या टायरची करकर ऐकू आली की पन्नाशीचा माणूससुद्धा ब्रेक सोडतो. हे खूळ कॅलिफोर्नियातून आलं म्हणतात. तिथल्या मारिन काउंटीत 1970 च्या दशकात पोरं जुन्या सायकली डोंगरावरून सोडायची. उलटं पेडल मारून लागणारे ते ब्रेक इतके तापायचे की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि दर खेपेला नवं भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच रिपॅक पडलं. आमच्याकडं डिस्कब्रेक आहेत. पडणं मात्र तेवढंच.

परवाच्या उताराला फौंड्रीवाला आधी गेला. त्याला चुकवताना एक पोरगा गवतात, त्या दोघांना बघताना मी, आणि मला वाचवायला हात पुढं टेकून बँकेतले काका. मागून हुबळीकर “बिद्रि एनरी?” म्हणजे “पडलात काय?” असं कानडीत विचारत आले आणि उत्तर यायच्या आत स्वतःच आडवे झाले.

बांधावरून एक आज्जी हे सगळं बघत होती. “सायकल येत नाही काय रे पोरांनो?” तिनं विचारलं. पोरांत काकाही आले, म्हणून ते जरा खूश दिसले.

माणसाच्या आधी सायकलींची विचारपूस झाली. फौंड्रीवाल्याच्या मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे गिअर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकला होता. तो मुद्दाम मऊ अॅल्युमिनियमचा करतात, म्हणजे तो वाकतो आणि फ्रेम वाचते, हे त्यानं आम्हाला बैजवार समजावून सांगितलं. तोवर त्याच्या कोपरातून रक्त टपकत होतं. पोराचं हेल्मेट दगडावर आपटलं होतं. “नुसता चरा पडलाय की,” तो म्हणाला. पण आतला फोम एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, दुसऱ्या पडण्याला ते हेल्मेट कामाचं नाही. नव्याची किंमत ऐकून त्याला पहिल्यांदा खरं लागलं.

बाटलीतल्या पाण्यानं जखमा धुतल्या, तांबडे खडे वेचून काढले. हळदीची सूचना आली आणि नामंजूर झाली. काळजी होती ती काकांच्या मनगटाची. अंगठ्याच्या बुडाशी दाबलं की ते कळवळत होते. तिथलं छोटं हाड तडकलं तर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतच नाही. डॉक्टरांनी पट्टा बांधून दहा-बारा दिवसांनी परत यायला सांगितलं, पण ते नंतर. आधी उप्पीट.

कारण टपरीवर आमचा एक नियम आहे. ज्याला काही लागलं नाही, त्यानं बिल भरायचं. त्यामुळं तिथं बाह्या वर जातात, पँटी गुडघ्यापर्यंत चढतात, कुणाचं सोललंय आणि कुणाचं नुसतं खरचटलंय यावर घासाघीस होते. काकांना बघायचीही गरज पडली नाही. माझा गुडघा एकमतानं मंजूर झाला. हुबळीकर गवतावर पडले होते. त्यांनी बराच शोध घेऊन मोजा खाली सरकवला आणि घोट्यावरचा एक ओरखडा दाखवला. त्यावर खपली धरलेली आहे, अशी फौंड्रीवाल्यानं हरकत घेतली, आणि बिल त्यांच्याकडंच गेलं.