आईच्या ओळखीची वाट

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार आला की नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. मुंबई-वसईकडून, गोव्याकडून गाड्या भरभरून येतात. आम्ही शहरातली माणसं मात्र रिक्षानं जातो, दर्शन घेतो आणि जेवायला घरी. यंदा चर्चच्या महिला मंडळानं पायी जायचं ठरवलं आणि आईनं परस्पर माझं नाव देऊन टाकलं. तिचे गुडघे आता साथ देत नाहीत. "मी तिकडे पाण्याच्या टेबलावर असणारच आहे, तू चालत ये," म्हणाली. विषय संपला.

शरणपूर रोडवरून पहाटे अंधारातच निघालो. थंडी चांगलीच होती. शाली, कानटोप्या, हातात जपमाळा. पुढच्या काकूंनी टाळ घेतले होते. 'नमो मरिये' म्हणत सीबीएस कधी मागे पडलं कळलंच नाही. शालिमारला चहाची एक गाडी उघडी दिसली. चहावाल्यानं विचारलं, "कुठली दिंडी?" बाळ येशूची म्हटल्यावर तो हसला. "म्हणजे तेलवाल्या मावशींची माणसं का?"

तेलवाली मावशी म्हणजे आमची आई. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा असते, तेव्हा नगर-सिन्नरकडच्या दिंड्या शहरातून त्र्यंबक रोडला लागतात. त्या दिवसांत आई खोबरेल तेलाची बाटली, कापूस, पट्ट्या घेऊन रस्त्याकडेला स्टूल टाकून बसते. पायाला फोड आलेला वारकरी दिसला की हाक मारते, "माउली, बसा इथं." एका म्हाताऱ्या वारकरीणबाईनंच तिला शिकवलं, फोड कापायचा नाही, सुईनं दोरा आरपार ओवायचा आणि तो तसाच राहू द्यायचा, पाणी हळूहळू निघून जातं. गळ्यात क्रूस, हातात तुळशीमाळ घातलेल्याचा पाय. नातेवाइकांपैकी कुणी कुणी नाक मुरडलं. आईनं कुणाला उत्तर दिल्याचं मला आठवत नाही.

सारडा सर्कल, द्वारका, काठे गल्ली. पुणे रोडला लागलो तोवर उजाडलं होतं आणि वाहनांचा धूर सुरू झाला होता. सपाट डांबरी रस्त्यानं चालणं हे चढ चढण्यापेक्षा कंटाळवाणं, हे माझं स्पष्ट मत.

आई मूळची हरेगावची, श्रीरामपूरजवळची. आजोबा बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यात कामाला होते. तिथली मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा ८ सप्टेंबरच्या आसपास भरते. तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नसे, असं ती सांगते. ओळखीचे, बिनओळखीचे, सगळे ओसरीवर झोपायचे आणि आजी रात्रभर भाकऱ्या थापायची. यात्रा म्हणजे कुणाला तरी जेवू घालणं, हे तिच्या डोक्यात तिथंच पक्कं बसलं असावं.

लग्न होऊन नाशिकला आली आणि संत विन्सेंट द पॉल सोसायटीच्या कामाला लागली. दोघं-दोघं मिळून गरजूंच्या घरी जायचं, अशी त्यांची रीत. कुणाकडे काय दिलं ते आई घरात अजूनही सांगत नाही. आमची मात्र उपासमार व्हायची! रविवारी मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, आधी खायचं नाही, आणि पल्स पोलिओचा रविवार असला की मिस्सेनंतर ती थेट बूथवर. पूर आला की वेगळीच गडबड. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून नाशिककर पूर मोजतात. गोदावरीचं पाणी मारुतीच्या कमरेला लागल्याची बातमी आली की ती मोठ्या पातेल्यात डाळ-तांदूळ धुवायला घ्यायची. छातीला लागलं की खिचडी शिजत असायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती पाण्याखाली गेला तेव्हा आमच्या घरातलं तिखटसुद्धा संपलं होतं. मला तेव्हा राग यायचा, अजूनही थोडा येतो. सगळ्या गावाची आई असलेल्या बाईच्या लेकरांना कुणी विचारत नाही.

बोधलेनगरच्या पुढे माझ्या टाचेला फोड आला. पिशवीत हात घातला तर रुमालात गुंडाळलेली सुई, पांढरा दोरा आणि काडेपेटी. काकूंनी सुई काडीवर तापवली, दुकानाच्या पायरीवर बसून दोरा ओवला आणि आम्ही उपनगर ओलांडलं.

नेहरूनगरला रांग रस्त्यापर्यंत आली होती. प्रागच्या बाळ येशूची ती मूर्ती, डाव्या हातात पृथ्वीगोल, उजवा हात आशीर्वादाला उचललेला. लहानपणापासून पाहिलेली, तरी चालत आल्यावर ती कधी दिसेल असं झालं होतं. तेवढ्यात टेबलामागून आईचा आवाज. "अगं, मागच्या आजी पोचल्या का? पाय कसाय? बरं, हा पाण्याचा जग घे. माणसं उन्हात उभी आहेत."

मराठी मिस्सा मी नळाशेजारी, ड्रम भरता भरता लाउडस्पीकरवरून ऐकली. दर्शनाला माझा नंबर लागला तेव्हा दुपार टळून गेली होती. आईला म्हटलं, चल ना आता तरी. तर म्हणते, "तू जाऊन ये. मी सोमवारी येईन, गर्दी नसते तेव्हा."