ऊसतोडीच्या हंगामाबरोबर चाललेली माझी पीएच.डी.

बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मुख्याध्यापक असताना मी शालेय नेतृत्व आणि धोरण या विषयात पीएच.डी.साठी नोंदणी केली. पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा), मुलाखत आणि कोर्सवर्क हे टप्पे सुट्ट्या व रजा जुळवून पार पडले. खरी कसोटी लागली ती संशोधन आराखडा मांडताना.

‘मुख्याध्यापकांचे नेतृत्व आणि शाळेची गुणवत्ता’ हा माझा पहिला विषय फारच मोघम होता. मान्यता समितीतील एका ज्येष्ठ प्राध्यापिकेने शांतपणे विचारले, “डिसेंबरमध्ये तुमच्या पालकसभेला कोण येते?” “कोणीच नाही,” असे मी उत्तरलो, आणि माझ्या आराखड्यात या उत्तराला कुठेच जागा नाही हे मला तिथेच उमगले.

दसरा-दिवाळीनंतर आमच्याकडची जोडपी मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडण्यासाठी टोळीबरोबर ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. केंद्राच्या 2010 च्या नियमांनुसार समिती स्थापन होईल त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपूर्वी किमान तीन महिने, म्हणजे डिसेंबरअखेरपर्यंत, तिने शाळा विकास आराखडा तयार करायचा असतो; ज्यांनी तो करावा अशी अपेक्षा, ते पालक तेव्हा उसाच्या फडात असतात. हाच माझा विषय ठरला.

मार्गदर्शकांनी अट घातली की मुलाखती दोनदा घ्यायच्या, एकदा गावात भाद्रपदात आणि एकदा कारखान्याच्या तळावर. जानेवारीत पश्चिम महाराष्ट्रातील एका तळावर, उसाची गाडी भरून आलेली एक आई आपल्या कोपीसमोर (तळावरच्या झोपडीसमोर) चूल पेटवता पेटवता म्हणाली, “सर, समितीत माझं नाव हाय म्हणत्यात, पण बैठकीचा सांगावा इथवर कोण आणणार?” ठराव-वह्या तपासताना मी ज्याला पालकांची उदासीनता असे नोंदवले होते, ते प्रकरण त्या रात्रीनंतर मी पूर्ण नव्याने लिहिले. नातवंडांसाठी गावी राहिलेले आजी-आजोबाच सभेला येतात, पालक तोडीला गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहात कोणाला ठेवायचे हेही तेच सांगतात, आणि उरलेले सारे निर्णय मुख्याध्यापक एकट्याने घेतो. मीही वर्षानुवर्षे तसेच घेत आलो होतो, हे प्रबंधात लिहिणे मला जड गेले, पण ते लिहिल्याशिवाय बाकीच्या नोंदींना अर्थ नव्हता.

प्रबंधाची साम्य तपासणी (मजकूर इतरांचा उचललेला नाही ना, हे पाहणे), पूर्वसादरीकरण आणि बहिःस्थ परीक्षकांचे अहवाल यांत बराच काळ गेला. मौखिक परीक्षेत मला विचारले गेले की शिफारस एकच करायची झाली तर कोणती कराल. मी म्हणालो, जिथून पालक स्थलांतर करतात त्या गावांत विकास आराखड्याची सभा टोळ्या निघण्याआधी, पोळ्याच्या सुमारास घ्यावी, आणि हंगामापुरते आजी-आजोबांना समितीत मताचा अधिकार द्यावा.