सरकारी वकिलांकडचे चार आठवडे

पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमात एकूण २० आठवड्यांची इंटर्नशिप करावीच लागते. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत तसं आहे, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त करता येत नाही. चौथ्या वर्षी मी ते चार आठवडे जिल्हा सरकारी वकिलांच्या कार्यालयात काढायचं ठरवलं. मानधन नव्हतं. आदल्या वर्षी एका फौजदारी वकिलांकडे बचावाची बाजू पाहिली होती, आता दुसरी बाजू पाहायची होती.

ईमेलला उत्तर आलं नाही. मग कॉलेजचं शिफारसपत्र, बोनाफाईड आणि साधा अर्ज घेऊन सकाळी बोर्ड, म्हणजे कोर्टाचं दिवसाचं कामकाज, सुरू व्हायच्या आधी स्वतःच गेले. तिसऱ्या खेपेला सरकारी वकील मॅडम भेटल्या. कुठल्या कॉलेजची, किती टक्के, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. "या कोर्टात तुझ्या नात्यातल्या कुणाची केस चालू आहे का? आधी कुणाकडे काम केलंस?" मी त्या वकिलांचं नाव सांगितलं. त्यांच्याकडे हाताळलेल्या प्रकरणांची यादी मॅडमनी तिथेच लिहून घेतली. त्यातली एकही फाइल मला दिसणार नव्हती. फाइलमधलं काही बाहेर बोलणार नाही, फोटो काढणार नाही, असं हमीपत्र दिलं. अर्ज करणाऱ्यांनी ही यादी घरूनच करून न्यावी, एक खेप वाचते.

पहिला आठवडा जामीन अर्जांवर गेला. अर्ज आला की तपासी अंमलदाराचा अहवाल मागवायचा, तो वाचून सरकार पक्षाचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, तयार करायचा. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, पण जुने खटले जुन्याच कलमांवर चालू आहेत, त्यामुळे दोन्ही तोंडपाठ लागतात. नियमित जामिनाच्या कलम ४३९ चं ४८३ झालं, अटकपूर्व जामिनाच्या ४३८ चं ४८२. मी वहीच्या पुठ्ठ्यावर तक्ता चिकटवला होता. माझ्या पहिल्या 'से'त मी लिहिलं, 'आरोपी साक्षीदारांवर दबाव आणेल.' मॅडमनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली. "कशावरून? कागदात दाखव." कागदात तसं काही नव्हतं. वाक्य काढलं.

खरं शिकले ते दुसऱ्या आठवड्यात. खुनाच्या प्रयत्नाचा एक जुना खटला साक्षीपुराव्याला लागणार होता. दोषारोपपत्र सव्वादोनशे पानांचं. मला काम मिळालं घटनाक्रमाचा तक्ता करायचं: तारीख, वेळ, कागद, पान क्रमांक. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, जखमीचं वैद्यकीय प्रमाणपत्र, मुद्देमाल जप्ती, एकेक ओळ भरत गेले. आरोपीने दाखवल्यावरून कोयता जप्त केल्याचा पंचनामा दुपारी साडेचार ते सव्वापाच. अटक पंचनामा पाच चाळीसचा. मी दोन्ही पानं पुन्हा पाहिली. पुरावा कायद्याच्या कलम २७ प्रमाणे, कोयता दाखवून देतो असं आरोपीचं निवेदन ग्राह्य धरायचं तर तो तेव्हा पोलिसांच्या ताब्यात असायला हवा, आणि कागदावर तर अटक नंतरची होती.

छातीत धडधडत होतं. चूक दाखवून मी सरकार पक्षाचं नुकसान करतेय का, असंही वाटलं. मॅडमनी दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि तपासी अंमलदारांना पोलीस ठाण्याची दैनंदिनी घेऊन बोलावलं. ते आले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "जे घडलं तेच पिंजऱ्यात सांगायचं. वेळ बदलून आणू नका." मग माझ्याकडे वळून त्यांनी १९९९ चा शिवकुमार विरुद्ध हुकमचंद हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचायला दिला. काहीही करून शिक्षा मिळवणं हे सरकारी वकिलाचं काम नाही, असं त्यात स्पष्ट आहे. कॉलेजात तो परीक्षेपुरता वाचला होता.

साक्षीच्या दिवशी जखमीची आई बाहेरच्या बाकावर बसली होती. हातात पदराचं टोक गच्च धरलेलं. तिने मला विचारलं, "पोरी, मी काय सांगू म्हणजे बरं होईल?" मला उत्तर सुचत होतं, पण ते द्यायचं नाही हे आता ठाऊक होतं. मी मॅडमना बोलावलं. त्या बाकावर तिच्याशेजारी बसल्या. "आई, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, कुणी रागावणार नाही." सरतपासात, म्हणजे मॅडमच्या प्रश्नांना उत्तरं देताना, ती रडली, बचावाच्या वकिलांच्या उलटतपासात दोन ठिकाणी 'आठवत नाही' म्हणाली. मॅडमनी मध्ये एकही हरकत घेतली नाही.

प्रमाणपत्रासाठी रोजची डायरी सही करून लागते. रोजच्या रोज लिहा, शेवटच्या दिवशी आठवत नाही. माझे चार आठवडे संपले तेव्हा तपासी अंमलदारांची साक्ष बाकी होती. पुढची तारीख मी वहीत लिहून घेतली आहे, त्या दिवशी कॉलेजला सुट्टी टाकून मागच्या बाकावर बसायला जाणार आहे.