जुन्या मियाटाचा मागचा ब्रेक: केबलला हात सगळ्यात शेवटी

माझदा एमएक्स-5, म्हणजेच मियाटा. 1989 ते 1997 मधल्या पहिल्या पिढीच्या गाडीचा हँडब्रेक सैल लागला की बरेच जण आधी लिव्हरजवळची केबल आवळतात. खरा घोळ तिथून सुरू होतो. केबल ताणली की कॅलिपरवरची (कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) हँडब्रेकची दांडी आपल्या स्टॉपपर्यंत, म्हणजे ती टेकून थांबते त्या जागेपर्यंत, परत येत नाही. मग आतली आपोआप ॲडजस्ट होणारी यंत्रणा काम थांबवते आणि पेडलही खोल जाऊ लागतं.

मागचं चाक जड फिरत असेल तर दोष आधी शोधा, पार्ट नंतर मागवा. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागची बाजू स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली. केबल कॅलिपरपासून सोडवा. चाक मोकळं झालं तर केबल अडकतेय किंवा जास्त ताणलेली आहे. झालं नाही तर ब्लीड निपल, म्हणजे कॅलिपरवरचा ब्रेक ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू, किंचित उघडा. ब्रेक ऑइल दाबाने उडालं आणि चाक सुटलं, तर रबरी होज आतून फुगून बंद झालेला असण्याची शक्यता मोठी. तरीही अडकलेलंच असेल तर स्लाइड पिन (ज्यावर कॅलिपर सरकतो), पिस्टन (जो पॅडला ढकलतो) किंवा हँडब्रेकची दांडीच गंजली आहे. इंग्लंडसारख्या ठिकाणी हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या गाड्यांत हे हमखास सापडतं.

पॅड बदलताना पिस्टन क्लॅम्पने आत ढकलू नका. हँडब्रेकचा स्क्रू पिस्टनला आतून जोडलेला असतो, जबरदस्ती केली की तो खराब होतो. कॅलिपरच्या मागे 14 मिमी पान्याचा एक बोल्ट दिसतो. ते फक्त झाकण आहे. ते काढलं की आत 4 मिमी ॲलन की (षटकोनी किल्ली) बसते. घड्याळाच्या उलट फिरवलं की पिस्टन मागे जातो. त्या वेळी ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी वर चढते, म्हणून थोडं ऑइल आधीच काढून घ्या. सांडलं तर रंग खातं.

स्लाइड पिन स्वच्छ पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पेट्रोलियम ग्रीस नको, त्याने पिनवरची रबरी टोपणं (बूट) फुगतात आणि पिन पुन्हा जाम होते.

पॅड बसले की केबल सैल ठेवूनच ॲलन की घड्याळाच्या दिशेने फिरवा. पॅड डिस्कला टेकले की एक तृतीयांश फेरा मागे घ्या. पेडल काही वेळा दाबा, दोन्ही दांड्या स्टॉपला टेकल्यात ना ते डोळ्यांनी बघा. त्यानंतरच केबल लावा: लिव्हर 5 ते 7 खटक्यांत धरायला हवा.

डिस्कचा आकारही तपासून घ्या. 1.6 लिटरच्या गाडीला मागे 231 मिमी, तर 1.8 ला 251 मिमी डिस्क असते. पॅड मागवताना इंजिन सांगितलं नाही तर चुकीचे येतात. गाडी थोडी फिरवून आणल्यावर दोन्ही मागच्या चाकांजवळ, डिस्कला न शिवता, हात धरून बघा. एका बाजूला स्पष्ट जास्त धग लागली, तर त्या बाजूचा कॅलिपर पुन्हा उघडा.