तुम्ही विचारलंत म्हणून: यंत्र चालतंय, मग सॉफ्टवेअरशी काय देणंघेणं?

“चालतंय ना नीट? मग आतलं सॉफ्टवेअर कुणाच्या ताब्यात आहे, याची तुला एवढी काय पडलीये? तुला काय त्यात कोडिंग करायचंय?” नाही करायचं. मला ते येतही नाही. तरी हा प्रश्न इतक्यांदा आलाय की एकदा नीट सांगतो.

बाबांचं कानाचं मशीन. पूर्ण पैसे मोजून घेतलेलं. कुठल्या पट्टीतला आवाज किती वाढवायचा, हे ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, पाहून त्यात संगणकावरून भरतात, आणि ऐकू येणं जसजसं कमी होतं तसतसं ते पुन्हा बदलावं लागतं. पुढे बाबांना ‘स’, ‘फ’ ऐकू येईनात. भांडी मात्र कानात खणखणायची. जिथून मशीन घेतलं ते दुकान तोवर बंद झालेलं. दुसरीकडे गेलो. तिथल्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी तपासणी केली. काय बदलायचं ते त्यांना नेमकं कळलं होतं. मशीन जोडलं, तर त्यांच्या सॉफ्टवेअरमधून ते उघडेचना. त्याच कंपनीची मशीनं त्या रोज जुळवत होत्या, पण आमचं त्या जुन्या विक्रेत्यापुरतं लॉक केलेलं होतं. कंपनीला विचारलं. उत्तर आलं, मूळ विक्रेत्याशी संपर्क साधा.

“काय म्हणाल्या त्या?” बाबा विचारत होते. मी मोठ्याने सांगितलं, त्यांना कळलं नाही. शेवटी कागदावर लिहून दाखवलं. ते वाचून म्हणाले, “पण हे आपलं आहे ना?”

मशीन डबीत गेलं. नवीन घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. घरात कुठल्याही वादात आधी त्यांचाच आवाज असायचा. आता चार माणसं बोलायला लागली की ते पेपर उघडून बसतात.

एका दुकानाचं काय घेऊन बसलास, म्हणाल. पण २००९ साली ॲमेझॉनने विकलेली पुस्तकं ग्राहकांच्या किंडल या पुस्तकं वाचायच्या यंत्रावरून परस्पर पुसली. पैसे परत दिले, पण आधी विचारलं नाही. २०१० मध्ये सोनीने अपडेटमधून प्लेस्टेशन ३ या गेमच्या यंत्रावर लिनक्स ही वेगळी संगणकप्रणाली चालवायची सोय काढून टाकली, आणि अपडेट नाकारणाऱ्याचं ऑनलाइन खेळणं बंद. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने असं डिजिटल कुलूप तोडणं बेकायदा ठरवलं. त्यातून सूट हवी तर दर तीन वर्षांनी नव्याने मागायची. गाड्या आणि ट्रॅक्टर दुरुस्त करण्यासाठी ती २०१५ साली मिळाली. स्वतःचा ट्रॅक्टर!

आणि सुरक्षेचं काय? हा प्रश्न खरा आहे. पूर्वी मी ठासून म्हणायचो, सगळी यंत्रं सताड उघडी हवीत. आज तसं म्हणवत नाही. बरेच फोन सुरू होताना कंपनीची डिजिटल सही असलेलंच मूळ सॉफ्टवेअर चालवतात, म्हणून कितीतरी लोक घातक सॉफ्टवेअरपासून वाचतात. पेसमेकरमध्ये कुणीही हात घालावा असं मलाही वाटत नाही. कुलूप असू दे, किल्ली मालकाला द्या, हे माझं आताचं म्हणणं. पण मग बाबांकडून गोड बोलून ती कुणी काढून घेतली असती तर? याला माझ्याकडे उत्तर नाही.

तरी एवढं मागतोच: विक्रेता उठून गेला, तर दुसऱ्या जाणकाराला ते यंत्र जुळवता आलं पाहिजे, आणि हे विकतानाच लेखी मिळालं पाहिजे. पेसमेकरलाही हेच लावणार का, असं विचारलंत तर मी अडखळतो. कानाच्या मशीनबद्दल अडखळत नाही.