मेन स्विच आधी की इंजिन?

आठ महिन्यांत तिसऱ्यांदा तोच अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, माझ्या टेबलावर आला होता, आणि तिसऱ्यांदाही करंट एकाच दिशेने सोडणाऱ्या डायोडची प्लेटच गेलेली.

गाडी लष्कराच्या लिलावातली. जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीतला स्टॅलियन ट्रक, आता पारनेर भागात पाण्याचा टँकर म्हणून चालते. २४ व्होल्टची, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. मालक म्हणाले, "मिस्त्री, नवीनच टाका ना, किती वेळा खोलणार?" मी नाही म्हटलं. कारण सापडल्याशिवाय नवा टाकला तर तोही जळणार.

रोटर ठीक, कार्बन निम्मेही झिजले नव्हते, स्टेटर कुठे बॉडीला शॉर्ट नव्हता. सहापैकी दोन डायोड मात्र मीटरवर दोन्ही बाजूंनी बीप देत होते. चांगला डायोड एका बाजूने साधारण अर्धा व्होल्ट दाखवतो, उलट बाजूने काहीच नाही. पाच मिनिटांचं काम. तरी आमच्या धंद्यात कितीतरी जण अजून चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून चार्जिंग बघतात. अल्टरनेटरच्या आधीच्या डायनॅमोच्या काळात ते खपून गेलं. चार्ज करता करता अल्टरनेटरची बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतं आणि डायोड मरतात. वाटलं, इथेही कुणीतरी तेच केलं असणार.

प्लेट बदलून अल्टरनेटर चढवला. बॅटरीवर २८.१ व्होल्ट, दिवे लावून २७.८. पण या वेळी गाडी लगेच सोडली नाही. ड्रायव्हरला म्हटलं, "दादा, रोज करता तशी बंद करा."

त्याने हँडब्रेक ओढला, बॅटरी तोडणारा मेन स्विच फिरवला, मग इंजिन बंद करायची स्टॉपची केबल ओढली. मधल्या क्षणात केबिनचा पिवळट दिवा एकदम पांढराफटक झाला. तिथेच कळलं. या डिझेल इंजिनला चालू राहायला करंट लागत नाही. मेन तोडला तरी ते फिरतं, आणि अल्टरनेटर बॅटरीशिवाय फिरतो.

"मालकच म्हणाले होते," तो म्हणाला, "जुनी वायरिंग आहे, आग लागेल, मेन बंद केल्याशिवाय उतरू नको." आणि मग हळू आवाजात, "आधीच्या दोन्ही वेळचे पैसे माझ्या पगारातून कापले."

ते पैसे मीच घेतले होते. पहिल्याच वेळी त्याला केबिनमध्ये बसवून बघायला हवं होतं.

तिसऱ्या वेळची मजुरी घेतली नाही. मालकांना म्हटलं, कापलेले पैसे त्याला द्या. "बघू," म्हणाले. आता आधी इंजिन बंद होतं, मग मेन; चार महिने झाले, चार्जिंग व्यवस्थित आहे. परवा ड्रायव्हर समोर हवा भरायला थांबला होता. मिळाले का, विचारलं. त्याने मान हलवली. नाही.